निवृत्तिवेतन : दान की देणे?



कंपनीने किंवा गिरणीने आपल्या कामगाराला म्हातारपणासाठी जो शब्द दिला, तो तिने पाळलाच पाहिजे काय? हा प्रश्न धम्माच्या पाक्षिकात कशासाठी, तो तर युनियनचा आणि लेबर कोर्टाचा, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. परंतु हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणी, तिथलीच मोहता गिरणी, पुलगावची कॉटन मिल यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातली चूल पेटत असे आणि विझत असे, अशी किती तरी कुटुंबे वर्धा जिल्ह्यात आहेत. त्यांच्या घरी आज एखादा वृद्ध ओट्यावर बसलेला असतो. त्याने तीस वर्षे साच्यावर उभे राहून काढली. त्याला विचारा, बाबा, तुमचे गिरणीकडे काय राहिले आहे? तो म्हणेल, मालकाची मर्जी, आपले नशीब. या उत्तरातच आपला विषय आहे. कारण आपण दीक्षा घेतली ती 'मर्जी' आणि 'नशीब' हे दोन शब्द टाकून देण्यासाठी.

हे दोन शब्द कुठून आले ते आधी पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांना बलुते ठाऊक होते. दवंडी पिटणे, गावाची राखण करणे, सरकारी निरोप पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे वर्षभर करायची आणि खळ्यावर रास पडली की पदर पसरून उभे राहायचे. आता विचार करा. त्या धान्याची एकूणएक ओंजळ कामाने मिळवलेली होती. ती मजुरीच होती. पण ती देताना मजुरी म्हणून दिली जात नसे. माप नसे, हिशेब नसे, वेळ देणाऱ्याच्या सोयीची असे. देणारा वर उभा आणि घेणारा खाली वाकलेला. म्हणजे ज्याचे येणे होते तो याचक ठरला आणि ज्याच्याकडून येणे होते तो दाता ठरला! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले, ते याच गोष्टीसाठी. काम ठरलेले असावे, मोबदलाही ठरलेला असावा, आणि तो गावाच्या लहरीवर अवलंबून नसावा. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता, तिथला कायदा निराळा होता. खळ्यावरची रीत मात्र फारशी निराळी नव्हती.

गिरणीत आलो तेव्हा वाटले, खळे मागे राहिले. खरेही होते ते. आठवड्याचा किंवा महिन्याचा पगार, हजेरीचे कार्ड, पाळीची वेळ, सगळे मोजून. तिथेही जात पुरती सुटली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होईल म्हणत. विणखात्यात मजुरी अधिक, म्हणून आपला माणूस कमी मजुरीच्या खात्यात राहिला. आणि ज्याची मजुरी कमी त्याची शिल्लकही कमी. तरीसुद्धा गिरणीचा पगार ही पहिली अशी मिळकत होती की जी घेताना वाकावे लागत नसे. पण पगाराचा एक भाग मागे ठेवला गेला. तो म्हातारपणी मिळणार होता. आणि त्या भागाच्या बाबतीत खळे पुन्हा आले.

शब्दांकडे जरा लक्ष द्या. पेन्शनला मराठीत आपण 'निवृत्तिवेतन' म्हणतो. वेतन! म्हणजे पगारच, फक्त निवृत्तीनंतर हाती येणारा. ग्रॅच्युइटीला मात्र सरकारी मराठीत 'उपदान' म्हणतात, आणि त्यात दान आले. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थही खुशीने दिलेली बक्षिशी असाच आहे. एकाच माणसाच्या एकाच श्रमातून निघालेल्या दोन रकमा, एक वेतन आणि एक दान, हे कसे काय? उपदानाचे गणित पाहिले म्हणजे ते दान नाही हे लहान मुलालाही कळेल. १९७२ च्या कायद्याने ठरवले की सलग पाच वर्षे नोकरी झालेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी द्यायची, आणि महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरायचे. समजा, शेवटचा पगार महिना २६०० रुपये. म्हणजे दिवसाचे १००, पंधरा दिवसांचे १५००, तीस वर्षांचे ४५,००० रुपये. दानाला कोणी वर्षे मोजते काय? हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मोजण्याची रीत तीच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्यात हेच सांगितले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींचे ते पीठ होते. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची देणगी नव्हे, ते केलेल्या सेवेचे फळ आहे, असा त्या निकालाचा आशय. तो खटला केंद्र सरकारच्या निवृत्त सेवकांचा होता, गिरणी कामगारांचा नव्हे, हे खरे. पण जे तत्त्व सरकारी खुर्चीला लागते ते साच्याला का लागू नये? खुर्चीवरचा श्रम आणि साच्यावरचा श्रम यांत सोवळे-ओवळे मानायचे असेल तरच तसा फरक करता येईल.

आता धम्माकडे वळू. आपण रोज पंचशील म्हणतो. वचन मोडणे हे कोणते शील मोडणे आहे? चटकन उत्तर येते, चौथे. मुसावाद, खोटे बोलणे. मालकाने कबूल केले आणि दिले नाही, म्हणून तो खोटा ठरला. मला हे उत्तर अपुरे वाटते. खोटे बोलणाऱ्याने फक्त शब्द मोडलेला असतो. इथे त्याच्या हातात वस्तूही राहते. कामगाराने काम आधी केले, सूत निघाले, विकले गेले, त्याचे पैसे आले. मजुरीचा काही भाग मालकाने 'पुढे देईन' म्हणून जवळ ठेवला. तो त्याला दिलेला नव्हता, ठेवायला दिलेला होता. जे दिलेले नाही ते घेणे, याला आपण कोणते शील मोडणे म्हणतो? दुसरे, अदिन्नादान. हा भेद फार महत्त्वाचा आहे. खोटे बोलणाऱ्याची क्षमा मागून सुटका होऊ शकते. ज्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू आहे त्याला ती परत करावी लागते.

कायदाही इथे धम्माच्या जवळ आलेला दिसतो. पगारातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापून घ्यायची आणि निधीत भरायची नाही, याला भारतीय दंडसंहितेच्या ४०५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात विश्वासघाताचा गुन्हा मानले होते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यातही ही तरतूद आहे. गिरणीच्या फाटकावर पाळी सुटताना कामगाराची झडती घेत. डबा उघडून पाहत, धोतराच्या सोग्यात सुताची गुंडी तर नाही ना! चोरी कशाला म्हणतात हे मालकाला चांगले ठाऊक होते. कार्यालयातल्या खातेवहीची झडती मात्र कोणी घेत नसे.

तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुणाला जो उपदेश केला तो आपल्या गृहस्थांनी जरूर वाचावा. हा तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला सांगितले की दिशा म्हणजे माणसे. आईवडील, गुरू, पत्नी व मुले, मित्र, नोकर-चाकर आणि श्रमण. नमस्कार म्हणजे त्यांच्याविषयीचे कर्तव्य पार पाडणे. यात नोकर-चाकर खालच्या दिशेला आहेत. पण लक्षात घ्या, नमस्कार मालकाने त्या खालच्या दिशेला करायचा आहे! मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. आजारात शुश्रूषा, म्हणजे ज्या दिवशी हात काम करीत नाहीत त्या दिवसाचीही जबाबदारी आली. जेवढे काम तेवढाच संबंध, संध्याकाळी हिशेब मिटला की तू कोण आणि मी कोण, ही रीत तथागतांना मान्य नाही. सेवकाचीही कर्तव्ये तिथे आहेत, आणि त्यांत दिलेले तेवढेच घेणे हे एक आहे. जो नियम सेवकाला लावला तो मालकाला लागत नाही, असे पंचशिलात कुठेही नाही.

आता मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, मी वचन दिले तेव्हा धंदा बरा होता. पुढे यंत्रमाग आले, कृत्रिम धागा आला, कापसाचे भाव वरखाली झाले, यंत्रे जुनी झाली. गिरणीच बुडाली तर पेन्शन कुठून देऊ? आणि जुन्यांचे देत बसलो तर आज कामावर असलेल्यांचे काय? ही तक्रार सगळी खोटी नाही. विदर्भातल्या गिरण्यांचे दुखणे खरे होते. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद, नागपूरची मॉडेल, अकोल्याची सावतराम, अशा आजारी गिरण्या १९७४ च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या; पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने देशभर कितीतरी गिरण्या बंद करून कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली. 'स्वेच्छा' हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे, पण ते राहू द्या.

या तक्रारीला माझे उत्तर असे. पुढे करायच्या कामाचे वचन परिस्थिती बदलली तर बदलता येते. मालकाने समोर बसावे, वह्या उघडाव्या आणि सांगावे की येत्या वर्षापासून एवढेच जमेल. कामगार ऐकेल किंवा सोडून जाईल. त्याला निवड आहे. पण झालेल्या कामाचे वचन बदलता येत नाही, कारण कामगाराला आपली तीस वर्षे परत घेता येत नाहीत. त्याने आपला भाग पुरा दिलेला आहे. आता फक्त एकाच बाजूचे देणे उरले आहे. आणि गिरणी बुडाली तर पैसा गिरणीबरोबर बुडतो, तो का? तो गिरणीच्या पैशात मिसळून ठेवला म्हणून. कामगाराची शिल्लक मालकाने धंद्यात भांडवल म्हणून वापरली. नफा झाला तेव्हा त्या भांडवलावर कामगाराला लाभांश दिला नाही, तोटा झाला तेव्हा मात्र त्याला वाटेकरी केले. सावकारसुद्धा अशी अट घालायला लाजेल.

चांगला मालक असला म्हणजे प्रश्न सुटतो काय? शेजारी नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. कोणत्याही कायद्याने भाग पाडले नसताना तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ लागले. याबद्दल त्यांना मान दिलाच पाहिजे. पण १९८६ मध्ये ती गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली; आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा आहे. मालक बदलतो, गिरणीचे नाव जाते, जमीन राहते, आणि कामगार म्हातारा होतो. म्हणून कामगाराची शिल्लक मालकाच्या चांगुलपणावर टांगून ठेवता येत नाही. ती वेगळी काढून, कुलूप लावून, किल्ली तिसऱ्याकडे देऊनच ठेवावी लागते.

हे जगाने ठेच खाऊन शिकले. अमेरिकेत साउथ बेंड येथे स्टुडबेकर कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये मोटारीचा कारखाना बंद केला. साठी ओलांडलेल्यांना पेन्शन पुरी मिळाली. चाळीस ते साठच्या दरम्यानच्या सुमारे चार हजार कामगारांना त्यांच्या हक्काच्या रुपयातले पंधरा पैसे मिळाले. त्याहून तरुण होते त्यांना काहीच नाही. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७४ मध्ये, तिथे पेन्शनची रक्कम राखण्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन बंद कंपनीच्या मालमत्तेतून कामगारांच्या देण्याला बँकेसारख्या तारणदार धनकोच्या बरोबरीचे स्थान मिळाले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने पुढे जाऊन भविष्य निर्वाह, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम दिवाळखोर कंपनीची मालमत्ता मानायचीच नाही असे म्हटले. जेट एअरवेजच्या कामगारांची हीच बाजू कंपनी अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये उचलून धरली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती कायम केली. मात्र कंपनी पुन्हा उभी राहिलीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे विसर्जन करण्याचा आदेश झाला. हक्क सिद्ध होणे आणि पैसे हातात पडणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे गिरणी कामगाराला कोणी सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सभेत कधी कधी सांगतात की प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा बाबासाहेबांनी केला. तो कायदा १९५२ चा आहे आणि बाबासाहेबांनी मंत्रिपद १९५१ मध्येच सोडले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी रेगे समिती नेमली गेली; फॅक्टरी कायद्यात आठवड्याचे ४८ तास आले तेही त्यांच्या प्रयत्नाने. एवढे पुरेसे आहे. जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या नावावर टाकून आपण त्यांना मोठे करीत नाही.

दुसरा एक प्रकार अधिक सूक्ष्म आहे. वचन मोडत नाहीत, अक्षरशः पाळतात, आणि तरी देणे चुकते होत नाही. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आली. मालकाच्या हिश्शातून पगाराचे ८.३३ टक्के तिच्यात जातात. पेन्शनचे सूत्र सोपे आहे. पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणा आणि सत्तरने भागा. पाच हजार पगार आणि पंधरा वर्षे असतील तर महिना १०७१ रुपये. या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १००० रुपये ठरली आणि दहा वर्षांहून अधिक काळ तो आकडा तिथेच राहिला. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसभेच्या समितीने ३००० रुपयांची शिफारस केली होती. तिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले. बुलढाण्याचे कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली वृद्ध पेन्शनधारकांनी ७५०० रुपये व महागाई भत्ता मागत वर्षानुवर्षे आंदोलन चालवले. आता सांगा, हजार रुपये कबूल केले, हजार रुपये दिले, मग खोटे काय झाले? कामगाराने हजार रुपयांची नोट कमावली नव्हती. त्याने म्हातारपणीची भाकरी कमावली होती. पायली तीच ठेवून तिच्या आत दरवर्षी थोडी माती थापत गेले, तर माप बरोबर आहे असे म्हणता येईल काय? या बाबतीत दोष एकट्या कंपनीचा नाही. तिने आपला हिस्सा भरला असेल तर तिचे देणे संपले. पुढचे देणे निधीचे आणि सरकारचे आहे. पण देणे ते देणेच.

ओट्यावरच्या वृद्धाला आपण काय सांगणार? त्याला पूर्वकर्माची गोष्ट तर सांगायची नाहीच. गेल्या जन्मी काही केले असेल म्हणून ग्रॅच्युइटी अडली, हे बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाही. ती या जन्मी, कोणत्या तरी टेबलावर, कोणाच्या तरी सहीवाचून अडलेली असते. त्याच्यापेक्षा बदली कामगाराची अवस्था वाईट. वर्षात २४० दिवस भरले नाहीत तर ते वर्ष धरत नाहीत, आणि दिवस भरू द्यायचे की नाही हे त्याच्या हाती नसते. म्हणून हजेरीची जुनी कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत देऊ नका.

बायकांनी विशेष लक्ष द्यावे. पेन्शनधारक पती गेला तर विधवेला त्याच्या पेन्शनचा निम्मा भाग, निदान हजार रुपये, मिळतो आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांनाही वेगळा हिस्सा असतो. पण कागदावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, असे असले की अर्ज परत येतो. दीक्षेनंतर काही कुटुंबांनी नावे, आडनावे बदलली. ती योग्यच, पण फंडाच्या वहीत जुनेच नाव राहिले आहे काय ते पाहा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात. विहारात रविवारच्या वंदनेनंतर शिकलेल्या दोन-तीन मुलामुलींनी तासभर बसावे आणि वस्तीतल्या प्रत्येक निवृत्त माणसाचे कागद एकदा तपासून घ्यावेत. येताना फंडाचा नंबर, बँकेचे पासबुक, आधार कार्ड आणि गिरणीचा असेल तो कोणताही जुना कागद बरोबर आणायला सांगा.